अनारकली ‘होती’ की ‘आहे’?

सातवीच्या पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिका तपासत होते. प्रश्न साधा होता : अकबराच्या कारकिर्दीविषयी पाच ओळी लिहा. एका मुलाने चार ओळी व्यवस्थित लिहिल्या आणि पाचव्या ओळीत बादशहाने अनारकलीला भिंतीत चिणून मारल्याचे लिहिले. मी गुण कापला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा हातात पुस्तक घेऊन टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “टीचर, मैं गलत नहीं लिखा. किताब में हैच वैसा.”

पुस्तक सामान्यज्ञानाचे होते, मराठीत, कोशासारखे अकारविल्हे लावलेले. त्यात खरेच तसे लिहिले होते. ‘अनारकली ही अकबराच्या दरबारातील नर्तकी होती. शहजादा सलीमचे तिच्यावर प्रेम होते. बादशहाने तिला भिंतीत चिणले.’ तीन वाक्ये आणि तिन्ही भूतकाळी. त्याच पानावर, त्याच शैलीत, त्याच काळात खऱ्या माणसांच्याही नोंदी होत्या. मूल दोघांत फरक कसा करणार? मी त्याला त्याचा गुण परत दिला नाही, परंतु त्या रात्री माझ्या मनात आले की गुण कापायचाच झाला तर तो नोंद लिहिणाऱ्याचा कापायला हवा.

वाचकहो, हा लेख क्रियापदाच्या काळाविषयी आहे. क्षुल्लक विषय वाटेल. आपल्या समाजापुढे शिक्षण, रोजगार, सुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न असताना ‘होता’ आणि ‘आहे’ यांवर पाने कशाला खर्च करायची, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे असे की या दोन शब्दांच्या गोंधळाची किंमत आपण रोज मोजतो आहोत, आणि ती इतरांपेक्षा आपण जास्त मोजतो आहोत.

काही महिन्यांनी मला एका कोशासाठी उर्दू कथासाहित्यावरच्या नोंदी लिहिण्याचे आमंत्रण आले. मी आनंदाने होकार दिला. ‘तिलिस्मे होशरुबा’, ‘उमराव जान अदा’, ‘टोबा टेकसिंग’ अशा नोंदी लिहून पाठवल्या. कथेच्या आतले सगळे मी वर्तमानकाळात लिहिले होते. मुद्रित तपासणीसाठी पाने परत आली तेव्हा पाहते तो सगळे भूतकाळात. ‘होशरुबा हे तिलिस्म आहे’ याचे ‘होते’ झालेले. मी संपादकांना फोन केला. ते वयाने मोठे, अभ्यासू आणि सज्जन गृहस्थ. म्हणाले, “बाई, कोशाची भाषा भूतकाळाची. जुन्या गोष्टी आहेत या. आणि वाचक काही दूधखुळा नाही, त्याला कळते की ही कहाणी आहे.”

त्यांच्याशी मी वाद घातला नाही. तो वाद इथे घालते आहे.

सर्वांत आधी हमजाचे उदाहरण घेऊ. हजरत हमजा (रजि.) हे पैगंबरांचे काका आणि दूधभाऊ होते. हिजरी ३, म्हणजे इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. हा इतिहास आहे. इथे ‘होते’, ‘झाले’ हीच क्रियापदे शोभतात. आता ‘दास्ताने अमीर हमजा’ उघडा. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून पुढे तीन दशकांहून अधिक काळ ती छापली, सगळे मिळून ४६ खंड. त्यातला हमजा इराणच्या नौशेरवान बादशहाच्या दरबारात जातो, त्याच्या मुलीवर, मेहरनिगारवर प्रेम करतो, अठरा दिवसांसाठी म्हणून काफ पर्वतावर जातो आणि अठरा वर्षे तिथेच अडकतो, आस्मानपरीशी लग्न करतो. त्याच्या सोबतीला उमर अय्यार असतो. त्याच्या झोळीत, म्हणजे जंबीलमध्ये, सारी दुनिया मावते.

आता ही दुसरी माहिती भूतकाळात लिहून पाहा. ‘अमीर हमजा हे नौशेरवानच्या दरबारात होते. त्यांनी मेहरनिगारशी विवाह केला.’ झाले! एका ‘होते’ने दास्तानगोची कल्पना सीरतच्या ग्रंथात जाऊन बसली. इतिहासातला नौशेरवान इ.स. ५७९ मध्ये मरण पावला. हजरत हमजा पैगंबरांच्या जवळपास वयाचे. म्हणजे त्या वेळी ते मक्केतले आठ-दहा वर्षांचे मूल होते. त्या मुलाचे इराणच्या शहजादीशी लग्न लावणारा कोशकार काफरही नसतो आणि खोटारडाही नसतो. त्याने फक्त क्रियापदाचा काळ चुकवलेला असतो. ‘दास्तानमधला हमजा मेहरनिगारवर प्रेम करतो’ असे लिहिले की दोन्ही हमजा आपापल्या जागी सुखरूप राहतात. शहीदाचा अदब राखला जातो आणि दास्तानगोची मौजही राहते.

आमच्यातले काही बुजुर्ग यावर म्हणतात, “बेटी, ये सब झूठे किस्से. हमजाचे नाव घेऊन असले काही लिहूच नये.” त्यांच्या भावनेचा मी मान राखते. पण किस्सा लिहिणारे, ऐकणारे, छापणारे आपलेच होते आणि त्यांना खरे-खोटे कळत होते. दादीअम्मी आम्हाला गोष्ट सांगायच्या तेव्हा सुरुवात ठरलेली : एक था बादशाह, हमारा तुम्हारा ख़ुदा बादशाह. लहानपणी मला वाटायचे, हे नुसते यमक आहे. आता कळते की त्यात केवढी खबरदारी आहे. ‘एक बादशहा होता’ असे म्हणताक्षणी सांगणारी आठवण देते की हा बादशहा गोष्टीतला, खरा बादशहा वेगळा. निरक्षर बायांना जी हद्द आखता येत होती ती पदवीधर कोशकारांना आखता येऊ नये?

संपादक महाशयांचा पहिला मुद्दा : मूळ दास्तान भूतकाळात आहे, मग नोंद का नको? कारण दास्तानगो आणि कोशकार यांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या आहेत. दिल्लीचे मीर बाकर अली, १९२८ मध्ये वारले ते, जुन्या परंपरेतले अखेरचे दास्तानगो मानले जातात. ते ‘था’ म्हणत, कारण ते त्या दुनियेच्या आत शिरून बोलत आणि ऐकणाऱ्यालाही आत ओढत. त्यांचे कामच ते. कोशकार दाराबाहेर उभा असतो. आत काय आहे ते येणाऱ्याला सांगणे हे त्याचे काम. घराची माहिती देणारा म्हणतो, आत अंगण आहे, डाव्या हाताला जिना आहे. ‘जिना होता’ असे त्याने म्हटले तर आपण विचारू, मग पडला की काय?

होशरुबाचे तसेच. शेवटी ते तिलिस्म फुटते, अफरासियाब मारला जातो, म्हणून ते ‘होते’, असे संपादकांना वाटले असावे. पण मुहम्मद हुसेन जाह यांचा पहिला खंड आज कोणी उघडला तर होशरुबा पुन्हा उभे असते आणि अफरासियाब तख्तावर बसलेला असतो. उद्या दुसऱ्याने उघडला तर त्याच्यासाठीही. दिल्लीचा लाल किल्ला बांधला ‘गेला’, बाबर मरण ‘पावला’. या गोष्टी एकदाच घडल्या आणि संपल्या. गोष्टीतली गोष्ट दर वाचनाला घडते. म्हणून तिचा काळ वर्तमान. जासूसी दुनिया आणि इम्रान सीरिज लिहिणारे इब्ने सफी १९८० मध्ये वारले. इम्रान वारला नाही. तो आजही मूर्खपणाचे सोंग घेतो आणि आजही गुन्हेगार त्याला फसतात. ‘इब्ने सफी हे लेखक होते’ हे बरोबर. ‘इम्रान हा गुप्तहेर होता’ हे वाक्य वाचले की वाटते, सफीसाहेबांच्या शेजारी राहणाऱ्या कोणा निवृत्त अधिकाऱ्याची ही मृत्युवार्ता आहे.

दुसरा आक्षेप असा की वर्तमानकाळ हा इंग्रजी धाटणीचा आहे, मराठीला तो शोभत नाही. हे तर मला मुळीच मान्य नाही. चहाच्या टपरीवर उभे राहून ऐका. कालच पाहिलेल्या पिक्चरची स्टोरी पोरे कशी सांगतात? ‘मग हिरो येतो, व्हिलनला उचलून आपटतो, तेवढ्यात पोलीस येतात.’ मग तोच पोरगा सांगतो, ‘आम्ही लास्ट शोला गेलो, तिकीट ब्लॅकने घेतलं.’ पिक्चरमधले ते वर्तमानात, स्वतःचे ते भूतकाळात. व्याकरण त्याला कोणी शिकवलेले नाही. कीर्तनकार आख्यान रंगात आले की ‘येतो’, ‘पाहतो’, ‘विचारतो’ यांवरच येतात. नाटकाच्या पुस्तकात पात्र ‘प्रवेश करते’. ‘प्रवेश केला’ असे कोणी छापत नाही. हा काळ मराठीच्या जिभेवर आधीपासून आहे. तो फक्त कोशाच्या पानावर यायचा आहे.

उलट भूतकाळ मराठीत जास्तच जड पडतो. ‘हमजा तिलिस्म फोडतो’ या वाक्यात हमजा कर्ता आहे. ‘हमजाने तिलिस्म फोडले’ म्हटले की क्रियापद तिलिस्माप्रमाणे चालू लागते. काम उरकले, निकाल हाती आला, असा त्या वाक्याचा सूर असतो. तो सूर पुराव्याचा आहे. पंचनाम्यात शोभतो. बोलताना आपण त्यावर उतारा म्हणून ‘म्हणे’ लावतो. ‘हमजाने म्हणे तिलिस्म फोडले.’ कोशात ‘म्हणे’ लावता येत नाही. म्हणून ‘म्हणे’चे काम तिथे वर्तमानकाळाने करायचे, एवढेच माझे म्हणणे.

तिसरा मुद्दा मला एका विद्यार्थ्याने सांगितला. इंग्रजीत ‘स्टार वॉर्स’ आणि ‘स्टार ट्रेक’ यांवर रसिकांनीच रचलेले मोठमोठे संगणकीय कोश आहेत. त्यांत त्या दुनियेतली माणसे, ग्रह, लढाया यांच्या नोंदी भूतकाळात असतात, जणू पुढच्या कुठल्या तरी युगात बसून कोणी इतिहासकार लिहितो आहे. ‘स्टार ट्रेक’ची कथा तर भविष्यात घडते, तरीही नोंद भूतकाळी. मग त्यांचे चालते तर आपले का नाही?

त्यांचे चालते, कारण त्यांच्या आणि वाचकाच्या मध्ये भिंत आहे. ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये आला तो पडद्यावरचा खेळ म्हणून. त्यातला खलनायक कोणाचा पूर्वज नाही, त्याच्या नावाची मोहल्ला-मशीद नाही. भूतकाळात लिहिण्याचा त्यांचा खेळ निर्धोक आहे. आपल्या कहाण्यांत बादशहा खरा, किल्ला खरा, सन खरा, आणि त्यांत उभी केलेली बाई कल्पित. भिंत आधीच पातळ. तीही भूतकाळाने पाडली तर उरले काय?

अनारकलीचेच पाहा. अबुल फजलच्या ‘अकबरनामा’त तिचे नाव नाही. जहांगीरच्या स्वतःच्या ‘तुज़ुक’मध्ये नाही. परदेशी प्रवाशांच्या ऐकीव गोष्टी, लाहोरची एक कबर, लोककथा, आणि मग इम्तियाज अली ताज यांचे १९२२ साली लिहिलेले नाटक, असा तिचा प्रवास. त्या नाटकात ती भिंतीत चिणली जाते. के. आसिफच्या १९६० च्या ‘मुगल-ए-आझम’मध्ये बादशहा तिला गुपचूप भुयारातून जाऊ देतो. आता सांगा, भूतकाळात काय लिहाल? ती मेली की वाचली? भूतकाळाला एकच उत्तर देता येते, आणि ते इथे खोटे ठरते. वर्तमानकाळाला दोन्ही उत्तरे देता येतात : ताज यांच्या नाटकात ती मरते, आसिफच्या चित्रपटात ती वाचते. यात कोणाचेही खोटे नाही.

आणि खरे काय घडले होते? सलीमने बापाविरुद्ध बंड केले होते. १६०२ मध्ये त्याच्या चिथावणीवरून अबुल फजलचा खून झाला. हा भूतकाळ आहे, पुराव्याचा. माझ्या वर्गात अनारकली सर्वांना ठाऊक असते, अबुल फजलचा खून कोणालाही ठाऊक नसतो. खोट्या ‘होती’ने खऱ्या ‘झाला’ची जागा घेतली.

चितोडचे उदाहरण याहून गंभीर आहे. अलाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये चितोड जिंकले. मलिक मुहम्मद जायसींनी ‘पद्मावत’ रचले १५४० मध्ये, तब्बल २३७ वर्षांनी. त्या मोहिमेत सुलतानासोबत गेलेल्या अमीर खुसरोंनी चितोडविजयाचे वर्णन केले आहे. त्यात पद्मिनी या नावाची राणी नाही. जायसींच्या काव्यात हिरामन नावाचा पोपट बोलतो, राजाला राणीच्या रूपाचे वर्णन ऐकवतो. अलाउद्दीन आरशात तिचे प्रतिबिंब पाहतो. पोपट बोलला हे कोणी इतिहास म्हणून लिहीत नाही, आणि त्याच पुस्तकातला आरसा मात्र इतिहास म्हणून लिहितात! पोपटाला वर्तमानकाळ आणि सुलतानाला भूतकाळ, हा कोणता न्याय? ‘अलाउद्दीनने पद्मिनीला आरशात पाहिले’ हे वाक्य आणि ‘जायसींच्या काव्यात अलाउद्दीन पद्मावतीला आरशात पाहतो’ हे वाक्य, या दोहोंतले अंतर किती? २०१८ मध्ये ‘पद्मावत’ चित्रपट आला तेव्हा नाव बदलण्यापासून रस्त्यावरच्या तोडफोडीपर्यंत जे जे झाले, ते सगळे त्या अंतरात मावते. लक्षात घ्या, हे काव्य एका मुस्लिम सूफी कवीचे आहे आणि राणीचे मोठेपण त्यानेच गायले आहे. तेही आपण सांगू शकलो नाही, कारण ‘काव्यात’ हा शब्द आणि वर्तमानकाळ दोन्ही आधीच गळून गेले होते.

महाराष्ट्रात यायचे तर फार लांब जायला नको. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ ची कादंबरी. तिच्यावरचा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत रात्री टॉर्च घेऊन लोक मोगलांचे सोने खणू लागले. संभाजीराजांचा वध १६८९ मध्ये झाला, हा इतिहास. त्याविषयी भूतकाळातच आणि आदरानेच लिहायला हवे. परंतु पडद्यावरचा प्रत्येक प्रसंग, प्रत्येक संवाद, प्रत्येक खजिना हा ‘झाला’ नसतो, तो ‘दाखवला जातो’. शेत खणणारे रिकाम्या हातांनी घरी गेले. सगळेच खणणे इतके निरुपद्रवी नसते, हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून ‘वाचकाला कळते’ हे संपादकांचे उत्तर मला पटत नाही. वाचकाला कळावे यासाठीच तर कोश असतो. ज्याला आधीच कळते तो कोश कशाला उघडेल? माझ्या वर्गातले पोर कोश उघडते ते कळत नाही म्हणून.

आता नुसती टीका करून थांबणे शिक्षिकेला शोभत नाही. फळ्यावर लिहून द्यावे तसे लिहिते. पुस्तकाविषयी, लेखकाविषयी, छपाईविषयी लिहाल ते भूतकाळात, कारण ते जगात एकदा घडले : मंटोंची ‘टोबा टेकसिंग’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. जी जागा खरी आहे आणि आजही आहे ती वर्तमानात : टोबा टेकसिंग हे पाकिस्तानी पंजाबातले गाव आहे. कथेच्या आतले ते वर्तमानात : बिशनसिंग दोन्ही देशांच्या काटेरी तारांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. कथा सुरू होण्यापूर्वीचे असेल तर ‘झालेली असतात’ असे लिहा : त्याला वेड्यांच्या इस्पितळात येऊन पंधरा वर्षे झालेली असतात. आणि कथेत खऱ्या माणसाचे नाव असेल तर ‘नाटकातला अकबर’, ‘कादंबरीतला औरंगजेब’ असे म्हटल्याशिवाय वाक्य सुरूच करू नका. ‘उमराव जान अदा’मध्ये तर लेखक मिर्झा हादी रुसवा हेच पात्र होऊन समोर बसतात. तिथे ‘रुसवांनी १८९९ मध्ये कादंबरी प्रसिद्ध केली’ आणि ‘उमराव जान रुसवांना आपली हकीकत सांगते’ अशी दोन वाक्ये लागतात, दोन काळांची. एकाच काळात ती बसवायला गेलात की उमराव जानची जन्मतारीख शोधत कोणीतरी लखनौला जाईल.

अपवाद येतील, अडचणी येतील. जिथे कथा किती आणि इतिहास किती हे अभ्यासकांतही वादाचे आहे, तिथे ‘असे सांगितले जाते’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे. १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून मुस्लिम मराठी लेखक आपली ओळख आपल्या शब्दांत सांगतो आहे. कथा लिहिल्या, कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली. पण नोंद लिहायला आपण बसत नाही. ते काम कोरडे वाटते, त्यात नाव होत नाही, टाळ्या मिळत नाहीत. विश्वकोश आता संगणकावर आहे, मराठी विकिपीडिया आहे, शाळाशाळांत मुले मोबाइलवर तेच वाचतात. तिथे आपल्या दास्तानींविषयी, आपल्या बादशहांविषयी, आपल्या कादंबऱ्यांविषयी कोणीतरी लिहितेच आहे. ‘होता’ लिहायचे की ‘आहे’, हे तोच ठरवतो. तो वाईट माणूस असतो असे नाही. त्याला उर्दू येत नाही, आणि आपल्याला वेळ नाही.

माझ्या नोंदींचे पुढे काय झाले, हे सांगून संपवते. मी तीन पानांचे पत्र लिहिले, वरचीच उदाहरणे देऊन. संपादकांनी हमजाच्या नोंदीत माझा वर्तमानकाळ परत बसवला, बाकीच्या दोन्ही नोंदी भूतकाळातच छापल्या. म्हणजे तीनपैकी एक गुण. त्या सातवीतल्या मुलाला मी आता म्हणते, किताब में है तो भी पूछना, बेटा : हे कुठे घडते? कोणाच्या गोष्टीत? त्याने परवा विचारलेही. पुस्तकातल्या दुसऱ्या एका नोंदीवर बोट ठेवून म्हणाला, “टीचर, ये ‘होती’ सच्ची वाली है या पिक्चर वाली?”

हा प्रश्न सातवीच्या मुलाला विचारावा लागू नये, एवढेच मागणे आहे.